तिशीनंतर नर्सिंग: कोणता कोर्स, कोणत्या वयात, कोणत्या क्रमाने

शिक्षण सुटून दहा-बारा वर्षं झाली आणि आता नर्सिंगला जायचं मनात आहे, तर कॉलेजांची चौकशी करण्याआधी दोन कागद समोर घ्या: बारावीची गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला. एकावरून कोणत्या कोर्सला बसता येईल ते कळतं, दुसऱ्यावरून त्यासाठी किती वर्षं हातात आहेत ते कळतं. लग्न, बाळंतपण, घरचं आजारपण किंवा दुसरी नोकरी यांमुळे थांबलेली माणसं बहुतेकदा उलट्या टोकाने सुरुवात करतात. ओळखीतलं कोणी एक कॉलेज सुचवतं, फी ऐकली जाते, पैसे भरले जातात, आणि नियम दोन वर्षांनी समजतात. पुढचा सगळा मजकूर महाराष्ट्रातल्या प्रवेशाला धरून आहे. भारतीय परिचर्या परिषदेचे मूळ नियम मात्र देशभर लागू आहेत, त्यामुळे गोव्यात बांबोळीच्या इन्स्टिट्यूट ऑफ नर्सिंग एज्युकेशनला जाणाऱ्यालाही पात्रतेचा भाग उपयोगी पडेल.

आधी रजिस्टर ठरवा

नर्स म्हणून काम करायचं तर राज्याच्या परिचर्या परिषदेच्या, म्हणजे बोलीत ‘कौन्सिल’च्या, रजिस्टरमध्ये नाव लागतं. आपल्याकडे ती महाराष्ट्र परिचर्या परिषद. नोंदणीचे मुख्य प्रकार दोन. एएनएम केलेल्या बाईची नोंद साहाय्यक परिचारिका प्रसविका म्हणून होते. जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी, किंवा बीएस्सी नर्सिंग केलेल्यांची नोंद नर्स आणि मिडवाइफ म्हणून, आरएन आरएम या अक्षरांनी होते. जीएनएम ही पदविका आणि बीएस्सी ही पदवी, पण रजिस्टर एकच. फरक पडतो तो पुढे नोकरीच्या अटींत, बढतीत आणि उच्च शिक्षणात.

या दोन्हींच्या बाहेर एक मोठा बाजार आहे. ‘नर्सिंग असिस्टंट’, ‘नर्सिंग केअर’, ‘होम नर्सिंग’, ‘सहा महिन्यांत नर्स’ अशा नावांचे कोर्स गल्लोगल्ली चालतात. यांतलं कोणतंही प्रमाणपत्र कौन्सिलच्या रजिस्टरपर्यंत नेत नाही. जनरल ड्युटी असिस्टंट हा कौशल्य विकास योजनेतला मान्य कोर्स आहे आणि रुग्णाची स्वच्छता, खाणंपिणं, हालचाल या कामासाठी तो खरोखर उपयोगी आहे. पण त्यातून नर्सची नोंदणी होत नाही आणि पुढे जीएनएमला त्याची एका दिवसाचीही सूट मिळत नाही. नाव ऐकून फसणाऱ्यांत मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांचं प्रमाण मोठं दिसतं, कारण त्यांना घाई असते. म्हणून कोणत्याही संस्थेला पहिला प्रश्न हा विचारायचा: ‘हा कोर्स झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत माझं रजिस्ट्रेशन कोणत्या नावाने होईल?’ उत्तरात ‘आमचं सर्टिफिकेट सगळीकडे चालतं’ असं वाक्य आलं, तर तिथून उठावं.

वयाची वजाबाकी

एएनएम, जीएनएम आणि बीएस्सी या तिन्ही मूळ कोर्सांना प्रवेशाचं किमान वय १७ आणि कमाल वय ३५ आहे. जीएनएमला एक महत्त्वाचा अपवाद आहे: आधीच नोंदणीकृत एएनएम असलेल्यांना वयाची अट नाही. वय कोणत्या तारखेला मोजायचं हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत छापलेलं असतं. दोन-चार महिन्यांवर वर्ष हुकू शकतं, त्यामुळे ती ओळ स्वतः वाचा.

ही झाली आत जायची अट. बाहेर पडताना दुसरी अट उभी असते. महाराष्ट्र शासनाच्या नोकरीत भरतीची कमाल वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागास प्रवर्गाला ४३ आहे. दिल्ली-नागपूरसारख्या एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीसाठी जी नॉरसेट परीक्षा होते, तिची मूळ मर्यादा ३० आहे. इतर मागास वर्गाला त्यात ३ आणि अनुसूचित जाती-जमातींना ५ वर्षांची सूट. त्यातही जीएनएम केलेल्याला किमान ५० खाटांच्या रुग्णालयात दोन वर्षांचा अनुभव लागतो, बीएस्सीला ती अट नाही.

आता वजाबाकी करा. कोर्स संपायचं वय काढा, त्यात निकाल, नोंदणी आणि जाहिरातीची वाट यांचं एक वर्ष घाला, आणि मग ३८ किंवा ४३ मधून ते वजा करा. काही उदाहरणं घेऊ.

वय २९, बारावी विज्ञान, जीवशास्त्र गटात ५२ टक्के. एक वर्ष सीईटीची, म्हणजे राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेची, तयारी करून तिसाव्या वर्षी बीएस्सीला प्रवेश, चौतिसाव्या वर्षी पदवी. राज्याच्या भरतीसाठी खुल्या प्रवर्गात सुमारे तीन वर्षं उरतात. एम्सचा रस्ता खुल्या प्रवर्गासाठी बंद झालेला असतो. बीएस्सी इथे योग्य आहे.

वय ३३, बारावी कला, ४८ टक्के. विज्ञान पुन्हा करून बीएस्सीच्या मागे लागायचं म्हटलं तर प्रवेशाची ३५ ची रेषा अंगावर येते, आणि सगळं जमलं तरी पदवी हातात येईतो ३९ वर्षं पूर्ण होतील. जीएनएमला लगेच गेलं तर छत्तिसाव्या वर्षी तीच आरएन आरएम नोंदणी मिळते. खुल्या प्रवर्गाला एक-दोन भरत्या, मागास प्रवर्गाला सहा-सात वर्षं. इथे पदवीचा आग्रह सोडावा असं आमचं स्पष्ट मत आहे.

वय ३८, नोंदणीकृत एएनएम, दवाखान्यात काम चालू. जीएनएमला वयाची अट नाही. मात्र तीन वर्षं पूर्णच करावी लागतात, एएनएमच्या दोन वर्षांची वजावट मिळत नाही.

सरकारी नोकरी डोळ्यापुढे नसेल तर ही वजाबाकी एवढी कठोर राहत नाही. खाजगी रुग्णालयं नोंदणी आणि अनुभव बघतात, आणि आयसीयू, डायलिसिस, ऑपरेशन थिएटर यांत शिकलेल्या माणसाला चाळिशीतही काम मिळतं. पगार मात्र सुरुवातीला शासकीय वेतनश्रेणीपेक्षा बराच कमी असतो. शासनात सातव्या वेतन आयोगानुसार अधिपरिचारिकेची श्रेणी ३५,४०० ते १,१२,४०० आणि जिल्हा परिषदेच्या आरोग्य सेविकेची, म्हणजे एएनएमची, २५,५०० ते ८१,१०० आहे. कर्ज काढून शिकणार असाल तर हा फरक आधीच हिशेबात धरा.

कोर्स एकेक करून

एएनएम दोन वर्षांचा, त्यातले शेवटचे सहा महिने इंटर्नशिपचे. बारावी कोणत्याही शाखेची चालते. हा कोर्स महिलांसाठी आहे. त्याचा पाया गावपातळीवरच्या आरोग्यसेवेचा: गरोदर मातांची तपासणी, लसीकरण, कुटुंब नियोजन, उपकेंद्राची नोंदवही. ज्यांना आपल्याच तालुक्यात राहायचं आहे आणि लवकर कमावतं व्हायचं आहे, त्यांच्यासाठी तो चांगला आहे. परदेश किंवा मोठ्या रुग्णालयाचा आयसीयू मनात असेल तर एएनएमने सुरुवात करू नये. एएनएम दोन, जीएनएम तीन, जीएनएमनंतर पदवीसाठीचा पोस्ट बेसिक बीएस्सी दोन अशी सात वर्षं जातात. थेट बीएस्सी चार वर्षांत होते. ‘आधी एएनएम करून घे, मग बघू’ हा सल्ला घरोघरी दिला जातो आणि तो बहुतेकांना तीन वर्षांनी महाग पडतो. एकच परिस्थिती अशी आहे जिथे तो खरा ठरतो. वय ३५ ला टेकलं आहे आणि जीएनएमची जागा या वर्षी हुकली, तर एएनएम करून ठेवलं की पुढे जीएनएमचं दार वयामुळे बंद होत नाही.

जीएनएम तीन वर्षांचा. बारावीत किमान ४० टक्के आणि इंग्रजी विषयात उत्तीर्ण हवं. शाखा कोणतीही चालते, विज्ञानाला प्राधान्य असतं. पुरुषांनाही प्रवेश आहे, पण काही संस्था फक्त महिलांच्या आहेत, ते आधी विचारा. बारावी एमसीव्हीसी म्हणजे व्यवसाय अभ्यासक्रमाची असेल तर ती पात्र धरली जाते का, याचं उत्तर प्रवेश कक्षाकडून लेखी घ्या. एएनएम आणि जीएनएम यांच्या परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं. जीएनएम बंद होणार अशी आवई अधूनमधून उठते. तिच्यावर विसंबून निर्णय बदलू नका. ज्या वर्षी प्रवेश घेता त्या वर्षी संस्थेला मान्यता आहे ना, एवढंच महत्त्वाचं.

बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचा, आता आठ सत्रांचा. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र हे तिन्ही विषय वेगवेगळे उत्तीर्ण, त्यांची सरासरी किमान ४५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ४०), आणि इंग्रजी. राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची सीईटी द्यावी लागते: भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंग ॲप्टिट्यूड, प्रत्येकी २० प्रश्न. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. महाविद्यालयं नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असतात. शेवटच्या सत्रात २२ आठवड्यांची इंटर्नशिप.

पोस्ट बेसिक बीएस्सी दोन वर्षांचा, जीएनएम होऊन नोंदणी झालेल्यांसाठी. मोठ्या वयात परत येणाऱ्याला जीएनएम आणि नंतर पोस्ट बेसिक ही जोडी अनेकदा थेट पदवीपेक्षा झेपते. वर्षं पाच होतात, पण तिसऱ्या वर्षानंतर थांबून कमावता येतं आणि घर सावरलं की पुढची दोन वर्षं घेता येतात.

बीए, बीकॉम किंवा साधी बीएस्सी झालेल्यांचा एक गैरसमज इथेच दूर व्हावा. काही देशांत दुसऱ्या विषयातल्या पदवीधरांना दीड-दोन वर्षांत नर्स होता येतं. आपल्याकडे तशी सोय नाही. तुमची पदवी कितीही चांगल्या गुणांची असो, पात्रता बारावीच्या गुणांवर ठरते आणि कोर्स पहिल्या वर्षापासून करावा लागतो.

बारावी अपुरी असेल तर

दहावीवर शिक्षण थांबलेलं असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, हा नोकरी-संसार सांभाळून बारावी करण्याचा मान्य मार्ग आहे. सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा, साधारण एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. एकूण पाच विषय, त्यांत एक तरी भाषा. इंग्रजी घ्यायलाच हवं. ते न घेतल्यामुळे बारावी उत्तीर्ण होऊनही नर्सिंगला अपात्र ठरण्याची चूक सर्रास होते. विषयाला २० टक्के गुण घरून लिहून द्यायच्या स्वाध्यायांचे असतात. तारीख हुकली की ते गेले, आणि काठावरच्या विद्यार्थ्याला तेच तारतात.

उत्तीर्ण व्हायला ३३ टक्के पुरतात, म्हणून अनेक जण तेवढ्याच तयारीने बसतात. नर्सिंगला ४० किंवा ४५ लागतात. लक्ष्य ५५ चं ठेवा.

विज्ञान घेणार असाल तर अभ्यासकेंद्र निवडताना प्रयोगशाळा प्रत्यक्ष पाहून या. प्रात्यक्षिकं कागदोपत्री करून देणारं केंद्र जवळ असलं तरी टाळा, कारण प्रात्यक्षिक परीक्षेत त्याचा फटका बसतो. राज्य मंडळाचा १७ नंबरचा अर्ज भरून बाहेरून बारावीला बसणं कला शाखेसाठी सोयीचं आहे, म्हणजे एएनएम-जीएनएमचा विचार असेल तर तेही चालेल.

विज्ञान झालंय पण जीवशास्त्राऐवजी गणित होतं, असे बरेच जण आहेत. एनआयओएसमधून एकच विषय जादा करता येतो. मात्र दोन मंडळांच्या दोन गुणपत्रिका प्रवेशाला ग्राह्य धरतात का, हे वर्षभर अभ्यास करण्याआधी सीईटी कक्षाला ईमेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा. फोनवरच्या ‘हो चालेल’ला कागदपत्र पडताळणीच्या खिडकीवर किंमत नसते.

कॉलेज पारखताना

भारतीय परिचर्या परिषदेच्या संकेतस्थळावर राज्यवार, कोर्सवार, मान्य जागांसह संस्थांची यादी असते. संस्थेचं पूर्ण नाव, पत्ता आणि शैक्षणिक वर्ष तिन्ही जुळवून पाहा. एकाच ट्रस्टच्या एका संस्थेला जीएनएमची मान्यता असते आणि शेजारच्या इमारतीतल्या बीएस्सीला नसते, असं होऊ शकतं. मग महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे आणि बीएस्सीसाठी आरोग्य विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांच्या यादीत, तर एएनएम-जीएनएमसाठी शुश्रूषा मंडळाच्या यादीत नाव पाहा. तीनपैकी एका ठिकाणी नाव नसलं तर फी भरू नका, ‘प्रक्रिया सुरू आहे’ म्हणाले तरी.

नंतर रुग्णालय पाहायला जा. नर्सिंग वॉर्डात शिकतात. संस्थेचं स्वतःचं १०० खाटांचं रुग्णालय असावं लागतं. पण पाटीवर १०० खाटा आणि आत बारा रुग्ण अशी स्थिती असेल तर विद्यार्थी शिकणार कशावर? सकाळी दहाच्या सुमारास ओपीडीत आणि प्रसूती विभागात चक्कर मारा. तिथल्या विद्यार्थिनींना दोन प्रश्न विचारा: गेल्या महिन्यात किती बाळंतपणं प्रत्यक्ष पाहिली, आणि पोस्टिंगला शिक्षिका सोबत असते का? तिसऱ्या वर्षाच्या मुली खरं सांगतात. सरकारी संस्थेत इमारत जुनी असते, वसतिगृह गैरसोयीचं असतं, पण रुग्णांची कमतरता कधीच नसते. केवळ शिकण्याच्या दृष्टीने पाहिलं तर जिल्हा रुग्णालयाची नर्सिंग शाळा चकचकीत खाजगी संस्थेपेक्षा बहुधा सरस ठरते.

मोठ्या वयाच्या विद्यार्थ्याने आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. वसतिगृहात राहणं सक्तीचं आहे का? रात्रपाळीची पोस्टिंग कोणत्या वर्षापासून आणि सलग किती दिवस? सामुदायिक पोस्टिंगसाठी गावात मुक्काम असतो का? लहान मूल घरी असेल तर फीपेक्षा ही उत्तरं महत्त्वाची आहेत.

आता सर्वांत धोकादायक गोष्ट. ‘कॉलेजला यायची गरज नाही, परीक्षेला आलात की झालं’ असं सांगणारे दलाल खास नोकरदार आणि संसारी माणसांना गाठतात. बहुतेकदा कॉलेज परराज्यातलं असतं. मूळ नर्सिंग कोर्स दूरस्थ पद्धतीने करण्याची मुभाच नाही. असा कोर्स तीन ठिकाणी अडकतो: परराज्यातली नोंदणी महाराष्ट्रात आणताना पडताळणी होते तेव्हा, सरकारी भरतीच्या कागदपत्र तपासणीत, आणि परदेशी नोंदणीसाठी थिअरी व क्लिनिकल तासांचा विषयवार तक्ता मागितला जातो तेव्हा. चौथं ठिकाण वॉर्ड आहे. सलाइन कसं लावतात हे न पाहिलेला माणूस तिथे रुग्णाच्या जिवाशी खेळत असतो.

कागद जमवायला चार महिने धरा

शिक्षणात मोठा खंड असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं. त्यात कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत शिक्षण बंद होतं आणि त्या काळात दुसरीकडे प्रवेश घेतला नव्हता, हे स्पष्ट लिहा. अधिवास आणि राष्ट्रीयत्वाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, प्रवर्ग असेल तर जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि लागू असेल तिथे नॉन क्रीमिलेअर. यांतली जात वैधता सर्वांत जास्त वेळ खाते. ती आधी टाका. विवाहित बाईची जात माहेरचीच धरली जाते आणि पुरावे वडिलांकडच्या नात्यातले लागतात. भाऊ, चुलते यांच्यापैकी कोणाकडे वैधता प्रमाणपत्र असेल तर त्याची प्रत मागून घ्या, काम पुष्कळ हलकं होतं.

नावाचा घोळ हा विवाहित महिलांचा नेहमीचा अडसर. गुणपत्रिका माहेरच्या नावाने, आधार सासरच्या, बँकेत तिसराच क्रम. सीईटीचा अर्ज दहावीच्या गुणपत्रिकेवरच्या नावाने भरणं सगळ्यांत सुरक्षित, आणि जोडीला विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रात प्रसिद्ध झालेला नावबदल ठेवा. शिक्षणाच्या मधेच नाव बदलू नका. कोर्सच्या गुणपत्रिका, कौन्सिलची नोंद आणि पुढे पासपोर्ट यांत एकच नाव राहिलं तर मोठा मनस्ताप वाचतो.

पैसे

बीएस्सीच्या खाजगी विनाअनुदानित महाविद्यालयांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती जाहीर असते. कॉलेजने सांगितलेला आकडा त्याच्याशी ताडून पाहा. वर मागितलेली ‘देणगी’ १९८७ च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्याने बेकायदेशीर आहे. फीखेरीज गणवेश आणि बूट, प्रात्यक्षिकाच्या वह्या आणि केस बुक, पोस्टिंगच्या गाडीचं भाडं, परीक्षा शुल्क, वसतिगृह आणि मेस हे सगळं वेगळं लिहून घ्या. फी कमी सांगून गाडीभाड्यात वसूल करणाऱ्या संस्था आहेत.

प्रवेश शक्यतो शासनाच्या केंद्रीभूत फेरीतून घ्या. याचं कारण थेट पैशाशी जोडलेलं आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत मिळते. पण व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ती मिळत नाही. तुमचा कोर्स यादीत आहे का ते महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर पाहा. अनुसूचित जाती-जमातींच्या शिष्यवृत्त्याही त्याच पोर्टलवरून. अर्ज दर वर्षी करावा लागतो, आणि बँक खातं आधारशी जोडलेलं नसल्यामुळे पैसे अडकल्याच्या तक्रारी नित्याच्या आहेत.

शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांपर्यंत सहसा तारणाशिवाय मिळतं, त्यात ४ लाखांपर्यंत स्वतःचा हिस्साही भरावा लागत नाही. संस्थेची मान्यता आणि गुणवत्तेवरचा प्रवेश हे बँक आधी पाहते. हप्ता ठरवताना खाजगी रुग्णालयातल्या पहिल्या वर्षाच्या पगाराचा अंदाज धरा. सरकारी श्रेणी धरून काढलेलं कर्ज नंतर गळ्याशी येतं.

घर, हजेरी आणि अंग

परीक्षेला बसायला प्रत्येक विषयात थिअरी आणि प्रात्यक्षिकाची किमान ८० टक्के हजेरी लागते, गैरहजेरीचं कारण कोणतंही असो. पदवी हातात पडण्याआधी प्रात्यक्षिकाची हजेरी १०० टक्के भरून काढावी लागते. वीस आठवड्यांच्या सत्रात ८० टक्के म्हणजे एकूण चार आठवड्यांची मोकळीक. मुलाचं आजारपण, सासूबाईंचं ऑपरेशन, गावची लग्नं, सगळं त्यात बसवायचं आहे. शिकत असताना बाळंतपण झालं तर ते सत्र बहुधा पुढे ढकलावं लागतं; ते आधी ठाऊक असलेलं बरं.

पोस्टिंगचा दिवस पहाटे सुरू होतो. वॉर्डात आठच्या आधी हजर, दुपारपर्यंत उभं काम, नंतर वर्ग, संध्याकाळी जर्नल. म्हणून पूर्णवेळ नोकरी आणि नर्सिंग एकत्र होत नाही. घरच्यांशी बोलताना ‘सांभाळून घ्या’ एवढ्यावर थांबू नका. मुलांना शाळेतून कोण आणणार, सकाळचा स्वयंपाक कोण करणार, रात्रपाळीच्या आठवड्यात घरी कोण झोपणार, यांची नावं ठरवा आणि प्रत्येकाला एक पर्याय ठेवा. कोर्स सुटण्यामागे अभ्यास जड जाण्यापेक्षा ही घडी मोडणं हे कारण जास्त असतं.

हिपॅटायटिस बीची लस तीन मात्रांची आहे: पहिली, एक महिन्याने दुसरी, सहा महिन्यांनी तिसरी. वॉर्डात सुई टोचण्याचा धोका पहिल्या वर्षापासून असतो, म्हणून लस सीईटीचा अर्ज भरतानाच सुरू करा, प्रवेशापर्यंत ती पूर्ण होते. तिसऱ्या मात्रेनंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातली प्रतिपिंडं तपासून घ्या, १० च्या वर आली म्हणजे संरक्षण तयार झालं. धनुर्वाताची मात्रा आणि कांजिण्या झाल्या होत्या का, हेही डॉक्टरांना सांगा. पाठीचं किंवा गुडघ्याचं दुखणं असेल तर ते लपवू नका. रुग्ण उचलण्याची योग्य पद्धत शिकवतात, पण दुखऱ्या पाठीने तीन वर्षं काढणं कठीण जातं.

पहिलं वर्ष

परत आलेले विद्यार्थी वॉर्डात लवकर रुळतात. रुग्णाशी बोलणं, नातेवाइकांना धीर देणं, वेळ पाळणं हे आयुष्याने आधीच शिकवलेलं असतं. ते अडतात शरीररचनाशास्त्र आणि शरीरक्रियाशास्त्रात, आणि इंग्रजीत. त्यामुळे प्रवेशाआधीचे सहा महिने या दोन गोष्टींना द्या. आधी आठवी ते दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकांतले मानवी शरीराचे धडे, मग अकरावी-बारावीच्या जीवशास्त्रातले पचन, श्वसन, रक्ताभिसरण, उत्सर्जन. चित्र न बघता काढता आलं पाहिजे. इंग्रजीसाठी व्याकरणाच्या पुस्तकामागे लागण्यापेक्षा रोज दहा वैद्यकीय शब्द त्यांच्या तुकड्यांसह शिका. ‘हायपो’ म्हणजे कमी, ‘हायपर’ म्हणजे जास्त, ‘आयटिस’ म्हणजे दाह, असे साठ-सत्तर तुकडे आले की अर्धं पुस्तक उलगडतं.

एक गणितही पक्कं करा: मिलिग्रॅम, मिलिलिटर आणि थेंबांचं. ५०० मिली सलाइन ८ तासांत द्यायचं, सेटचे २० थेंब म्हणजे १ मिली, तर मिनिटाला थेंब किती? ५०० गुणिले २० म्हणजे १०,०००. आठ तासांची ४८० मिनिटं. भागाकार सुमारे २१. लहान मुलांच्या सेटला १ मिलीचे ६० थेंब असतात, म्हणून पाकिटावरचा आकडा न वाचता कधी हिशेब करू नये. वीस वर्षं गणिताला हात न लावलेल्या माणसालाही हे आठवडाभराच्या सरावाने जमतं.

पस्तिशी ओलांडली असेल तर

नोंदणीकृत एएनएम नसलेल्या आणि ३५ ओलांडलेल्या माणसासाठी मूळ नर्सिंग कोर्सचे दरवाजे बंद आहेत. ‘वयाचं आम्ही बघून घेऊ’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका, कारण कौन्सिलच्या नोंदणीच्या वेळी जन्मतारीख पुन्हा तपासली जाते. रुग्णसेवेतच राहायचं असेल तर जनरल ड्युटी असिस्टंटचा कोर्स, तोही शक्यतो रुग्णालयात प्रत्यक्ष काम देणाऱ्या केंद्रातून, हा प्रामाणिक पर्याय आहे. डायलिसिस, एक्स-रे किंवा प्रयोगशाळेचे तंत्रज्ञ कोर्स पाहायचे असतील तर त्यांच्याही वयाच्या आणि शाखेच्या अटी त्या वर्षीच्या पुस्तिकेतून तपासा.

निकालानंतरचे पहिले दोन महिने

निकाल लागताच कौन्सिलकडे नोंदणीचा अर्ज करा. नोंदणी हातात येण्याआधी नर्स म्हणून कामाला लागू नका, रुग्णालयाने ‘नंतर आणून द्या’ म्हटलं तरी. भारतीय परिचर्या परिषदेच्या राष्ट्रीय नोंदणी प्रणालीत मिळणारा एनयूआयडी क्रमांक जपा, राज्य बदलताना तोच लागतो. परदेशाचा विचार असेल तर कॉलेज सोडण्याआधीच ट्रान्सक्रिप्टच्या चार-पाच सहीशिक्क्यांच्या प्रती सीलबंद पाकिटात मागून घ्या. प्राचार्य बदलले की त्या मिळवायला महिने जातात. ब्रिटनच्या नोंदणीला आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत वाचन, ऐकणं आणि बोलण्यात ७, लेखनात ६.५ लागतात, तेव्हा इंग्रजीची तयारी इंटर्नशिपपासून सुरू करा. आणि पहिली नोकरी निवडताना दोन-चार हजार कमी मिळाले तरी किमान ५० खाटांचं रुग्णालय घ्या, नेमणूकपत्रावर पद ‘स्टाफ नर्स’ असंच लिहून घ्या आणि पगार बँकेतून घ्या. अनुभवाचा दाखला तपासताना याच तीन गोष्टी पाहिल्या जातात.